वस्तू ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असते, हाताशी नसते : इमर्जन्सीत भूलतज्ज्ञाचा वेळ कुठे जातो आणि मांडणी कशी सुधारायची

तक्रार नेहमीची आहे. इन्डक्शन झालं, म्हणजे पेशंटला भूल देऊन झोपवलं, घसा बघायचा स्कोप घातला, पण कॉर्ड्स (स्वरतंतू, ज्यांच्यामधून श्वासाची ट्यूब घालायची) दिसत नाहीत. "सिस्टर, बुजी द्या." बुजी म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी लांब, लवचिक कांडी. सिस्टर कपाटाकडे जातात. वरचा कप्पा, मधला कप्पा, मग मावशींना हाक. बुजी असते, कालच्या केसनंतर धुवून ऑटोक्लेव्हच्या खोलीत वाळत घातलेली असते. तोवर सॅच्युरेशनचा टोन (रक्तातल्या ऑक्सिजनबरोबर खालीवर होणारा मॉनिटरचा सूर) उतरायला लागलेला असतो. केस निभावते, सगळे म्हणतात "आज जरा गडबड झाली," आणि पुढच्या आठवड्यात तीच गडबड ॲट्रोपिनवरून (मंदावलेली नाडी वाढवणाऱ्या औषधावरून) होते.

यात कुणाचा हलगर्जीपणा शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. ओटीतलं सामान लावलं जातं ते पुसायला, मोजायला आणि कुलपात ठेवायला सोयीचं पडेल असं. डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाचा एक हात अडकलेला असताना तेच सामान कसं मिळेल, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात नसतं. बरं, घाईत माणूस विचार करून शोधत नाही. हात सवयीच्या जागी जातो. वस्तू तिथे नसेल तर हात दोनदा तिथेच जातो, आणि मग शोधाशोध सुरू होते.

हाताशी वेळ किती असतो? शंभर टक्के ऑक्सिजन नीट देऊन झाला असेल तर धडधाकट प्रौढाचं सॅच्युरेशन श्वास थांबल्यापासून ९० टक्क्यांवर यायला साधारण ८ मिनिटं लागतात. खूप लठ्ठ पेशंटमध्ये ३ मिनिटांच्याही आत. लहान मूल आणि पूर्ण दिवसांची गरोदर बाई यांच्यातही धडधाकट प्रौढापेक्षा खूपच कमी. आधी ऑक्सिजन दिलाच नसेल तर मिनिटभरात. शिवाय सॅच्युरेशन मोजणारा बोटावरचा प्रोब खऱ्या घसरणीच्या अर्धा मिनिट मागे असतो, हात गार पडले असतील तर आणखी मागे. म्हणजे टोन उतरायला लागला तेव्हा त्यातला बराच वेळ सरलेला असतो.

आधी मोजा, मग हलवा

मांडणी बदलायच्या आधी एक चाचणी घ्या. रिकाम्या टेबलवर उशी ठेवा, डोक्याशी उभे राहा, डावा हात मास्क धरल्यासारखा उशीवर ठेवा आणि तो उचलू नका. उजव्या हाताने, पाय न हलवता, काय काय मिळतं ते बघा. हात लांब केला की साधारण ६० सेंमी पोच मिळते. या ६० सेंमीच्या वर्तुळात पाच गोष्टी हव्यात: चालू सक्शनचं (स्राव ओढणाऱ्या मशीनचं) टोक, मशीनची बॅग आणि ऑक्सिजन फ्लशचं (एकदम भरपूर ऑक्सिजन सोडणारं) बटण, दुसरा स्कोप, योग्य मापाचा एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची नळी) आणि बुजी. बाकी काही नको. याच वर्तुळात मोबाईल, चहाचा कप, केसपेपर आणि रजिस्टर असेल, तर बुजी बाहेर का गेली याचं उत्तर समोरच आहे.

मग स्टॉपवॉच लावून मागणी करा, आणि ती रोजच्या सिस्टरांकडे न करता त्या ओटीत नवीन असलेल्या माणसाकडे करा. रात्री दोनच्या सीझरला तोच असणार आहे. आम्ही धरतो ती कामचलाऊ उद्दिष्टं अशी: बुजी ५ सेकंद, आय-जेल (घशात बसवून, ट्यूबशिवाय श्वास द्यायचं साधन) १० सेकंद, सिरिंजमध्ये भरलेलं ॲड्रेनॅलिन २० सेकंद, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) टेबलाशी ६० सेकंद. ज्या वस्तूला दुप्पट वेळ लागला ती आधी हलवा. सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नका. एकदम दहा जागा बदलल्या तर पुढचा महिनाभर कुणालाच काही सापडत नाही.

तक्रार: सक्शन मागितलं तेव्हा ते सर्जनकडे होतं

छोट्या नर्सिंग होममध्ये हे सर्रास दिसतं. सक्शन मशीन एकच, तिचं टोक ड्रेपच्या (निर्जंतुक कापडाच्या) पलीकडे. सीझरमध्ये पेशंट उलटी करते तेव्हा ते टोक गर्भजलात आणि रक्तात असतं आणि ट्यूब पायाकडून आलेली असते. ती ओढून डोक्याशी आणणं म्हणजे ऑपरेशनची निर्जंतुक जागा मोडणं, म्हणून कुणी ओढतही नाही.

यावर उपाय एकच, भूलतज्ज्ञाचं सक्शन वेगळं हवं. दुसरं इलेक्ट्रिक मशीन घेणं जमत नसेल तर पायाने दाबायचं सक्शन डोक्याशी ठेवा. ते लाईट गेली तरी चालतं, हा वरचा फायदा. फक्त पायडल मशीनच्या चाकामागे सरकलेलं नको. पाय न बघता त्यावर पडला पाहिजे.

दुसरं सक्शन आहे आणि तरीही ओढत नाही, असं असेल तर या क्रमाने तपासा. ट्यूब चिमटून धरा आणि गेज बघा. काटा काही सेकंदांत ३०० मिमी पाऱ्यापर्यंत गेला पाहिजे. काटा चढतच नसेल तर बरणीच्या झाकणाचं रबर किंवा झाकण तिरपं बसलेलं असतं, दहापैकी आठ वेळा. काटा चढतो पण टोकाला ओढ नाही, तर ट्यूब कुठेतरी दबली आहे. टेबलाच्या बुंध्याखाली नाहीतर मशीनच्या चाकाखाली बघा. ट्यूब लांब असली की ती जमिनीवर वेटोळं करते आणि टेबल खालीवर केलं की नेमकी त्यात सापडते. लागेल त्यापेक्षा हातभर जास्त ठेवून उरलेली कापून टाका.

टोक गादीच्या उजव्या कडेखाली, उशीशेजारी खोचायचं. उजवीकडेच का, तर स्कोप डाव्या हातात असतो. आणि इन्डक्शनच्या आधी सक्शन चालू करून ठेवायचं. आवाजाचा त्रास होतो म्हणून बंद ठेवलेलं सक्शन हे नसलेल्या सक्शनसारखंच.

तक्रार: डिफिकल्ट एअरवेचा डबा आहे, पण त्यातून हवं ते निघत नाही

श्वासाची वाट करणं अवघड जातं तेव्हा लागणाऱ्या सामानाचा हा डबा उघडून बघा. बहुतेक ठिकाणी तो एकच खोल डबा असतो आणि त्यात सगळं एकावर एक: चार मापांच्या ट्यूब, स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी तार), मुलांचे मास्क, संपलेल्या तारखेची जेली, कुणीतरी आणून दिलेला आणि कधीही न वापरलेला सेट. गरज लागते तेव्हा सगळं बाहेर ओतावं लागतं.

सामान वस्तूंच्या प्रकाराने न लावता, फसत गेल्यावर पुढे काय करायचं त्या क्रमाने लावा. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची २०१५ची पद्धत ए, बी, सी, डी अशी उतरत जाते (आधी ट्यूब, मग आय-जेलसारखं साधन, मग मास्क, शेवटी गळ्यातून वाट), आणि चार कप्प्यांची साधी प्लॅस्टिकची ट्रॉली त्याला पुरते.

पहिल्या कप्प्यात स्कोपचे दोन हँडल, मॅकिंटॉशची (स्कोपची वाकडी) ३ आणि ४ नंबरची ब्लेड, ६ पासून ८ पर्यंतच्या ट्यूब, स्टायलेट, १० मिलीची सिरिंज. हँडल दोन, कारण एकाचा सेल नेमका तेव्हाच जातो. बल्ब सैल झाल्यानेही दिवा जातो. रोज सकाळी बल्ब बोटाने आवळून बघायला तीन सेकंद लागतात. दुसऱ्यात आय-जेल ३, ४, ५. पिशवीवर वजन मोठ्या अक्षरात लिहा: ३ म्हणजे ३० ते ६० किलो, ४ म्हणजे ५० ते ९०, ५ म्हणजे ९०च्या वर. तिसऱ्यात मास्क आणि एअरवे. चौथ्यात गळ्यातून वाट करायचं सामान, आणि याच कप्प्यात सर्वात जास्त घोळ असतो.

या चौथ्या कप्प्यात तीनच गोष्टी लागतात: १० नंबरचं ब्लेड लावलेला स्काल्पेल, बुजी आणि ६ नंबरची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब. जागेवर जाऊन बघितलं तर काय आढळतं? १० नंबरचं ब्लेड पाकिटात, आणि शेजारी ४ नंबरचं हँडल. १० आणि ११ नंबरची ब्लेड ३ नंबरच्या हँडलवर बसतात. ४ नंबरच्या हँडलवर २० ते २३ची. त्या क्षणी ब्लेड हँडलवर चढत नाही, हात थरथरतो आणि कुणालाही कारण कळत नाही. त्यापेक्षा हँडलसकट येणारा वापरून फेकायचा १० नंबरचा स्काल्पेल ठेवा. बुजी साधारण ५ मिमी जाड असते, म्हणून तिच्यावरून ६ नंबरची ट्यूब जाते. साडेपाचची अडकू शकते. "असू दे, बारीक बरी" म्हणून ठेवलेली ट्यूब काढून टाका. सलाईनच्या व्हेनफ्लॉनवर (शिरेत घालायच्या बारीक नळीवर) भरवसा ठेवून हा कप्पा रिकामा ठेवणारेही आहेत. ब्रिटनमधल्या एनएपी-४ या, श्वासमार्गाच्या गुंतागुंतींवरच्या २०११च्या अहवालात बारीक कॅन्युलाने केलेले असे प्रयत्न निम्म्याहून जास्त वेळा फसलेले होते.

बुजीची वेगळी अडचण म्हणजे तिची लांबी, ६० ते ७० सेंमी. ती कुठल्याच कप्प्यात सरळ मावत नाही, म्हणून दुमडून ठेवतात आणि मग ती वाकडीच राहते. टोकाचा जो कोन आपल्याला हवा असतो तो कुठल्या दिशेला आहे हेच कळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंच व्यासाचा पीव्हीसी पाईप बुजीपेक्षा थोडा आखूड कापून आणा, खालचं तोंड टोपीने बंद करा आणि दोन क्लॅम्पने ट्रॉलीच्या उजव्या कडेला उभा लावा. बुजी पाकिटासकट त्यात. लांबून दिसते, सरळ राहते आणि कुणी नेली तर पाईप रिकामा दिसतो. चौथ्या कप्प्यासाठी दुसरी बुजी हवी, तिच्यासाठी शेजारी दुसरा पाईप. पहिली तोवर रक्ताने आणि लाळेने माखून खाली पडलेली असते.

सामान जवळ आलं म्हणजे वापरलं जाईलच असंही नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली सायनसच्या साध्या ऑपरेशनला आलेल्या एलेन ब्रॉमिली यांच्या बाबतीत नर्सने ट्रेकिऑस्टोमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा) सेट आणून ठेवला होता; डॉक्टर मात्र ट्यूब घालण्याच्या प्रयत्नातच गुंतून राहिले आणि बाई वाचल्या नाहीत. म्हणून चौथा कप्पा आणणाऱ्याने तो पाठीमागे न ठेवता पेशंटच्या छातीवर, डॉक्टरच्या नजरेसमोर ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "गळ्याचा सेट उघडलाय." हे वाक्य सिस्टरांनी म्हणायचं आहे, याला आधीच सगळ्यांची संमती घ्या. वरिष्ठ सरांसमोर ते ऐनवेळी तोंडातून निघत नाही.

एक गोष्ट राहूनच जाते. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६च्या सूचनांप्रमाणे ट्यूब घालताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू ठेवायचा असतो. तो येणार कुठून? मशीनचा ऑक्सिजन सर्किटला (मशीनपासून पेशंटकडे जाणाऱ्या नळ्यांना) गेलेला असतो. म्हणून भिंतीवर किंवा मशीनला दुसरा स्वतंत्र फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजून सोडणारा) हवा. तो बसवलेला नसेल तर ही सूचना त्या ओटीत कागदावरच राहते.

तक्रार: मॉनिटर पाठीमागे, आणि टोन ऐकू येत नाही

मशीनवर ठेवलेला मॉनिटर आणि भिंतीला समांतर उभं केलेलं मशीन, ही जोडी वाईट. स्कोप घालताना भूलतज्ज्ञाची पाठ मॉनिटरकडे जाते. मशीन पेशंटच्या उजव्या बाजूला, म्हणजे डोक्याशी उभ्या माणसाच्या उजवीकडे, ३० ते ४५ अंश आत वळवून उभं करा; पेशंटचा चेहरा आणि पडदा एका नजरेत यावेत. टेबल आणि मशीन यांच्यामध्ये ट्यूब देणाऱ्या माणसाला उभं राहता येईल एवढी जागा सोडा. डोक्यामागे किमान तीन फूट मोकळे हवेत. तिथे लाकडी कपाट असेल तर ते जाऊ द्या, मग त्याच्या चावीवरून कितीही वाद होवोत.

टोनचा आवाज बंद करून ठेवलेला असतो, कारण सर्जनना त्रास होतो. अलार्मचा आवाज कमी करायला हरकत नाही, पण सॅच्युरेशनचा टोन मात्र चालूच हवा. आकडा न बघता घसरण कळण्याची ती एकच सोय आहे. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे बीपीचा कफ आणि प्रोब एकाच हातावर लावणं. कफ फुगला की सिग्नल जातो आणि दर तीन मिनिटांनी खोटा अलार्म वाजतो. आठवडाभरात सगळे त्या अलार्मला बहिरे होतात.

तक्रार: औषध दिलं, पण लागू पडलं नाही

ही मांडणीची चूक आहे हे सहसा लक्षात येत नाही. दोन्ही हात अंगालगत बांधलेले, व्हेनफ्लॉन ड्रेपखाली, म्हणून सलाईनच्या लाईनला १०० सेंमीची एक्स्टेन्शन (जोडनळी) जोडून थ्री-वे (औषध सोडायची तोटी) डोक्याशी आणलेला असतो. हिशोब करा: आतला व्यास ३ मिमी असेल तर १०० सेंमी नळीत ७ मिली द्रव मावतो. ॲनाफायलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीत) दिलेला ५० मायक्रोग्रॅमचा डोस, म्हणजे १० मिलीत १ मिलीग्रॅम केलेल्या ॲड्रेनॅलिनचे ०.५ मिली, हा सगळाच्या सगळा त्या नळीत उभा असतो. बीपी चढत नाही म्हणून दुसरा डोस, मग तिसरा. मग कुणीतरी सलाईन मोकळी सोडतं आणि तिन्ही डोस एकदम हृदयात जातात. दोनशेच्या वरचं बीपी आणि धडधडणारी नाडी बघून सगळे औषधाला दोष देतात.

उपाय असा: शक्य असेल तेव्हा एक हात ९० अंशांपेक्षा कमी कोनात बोर्डवर बाहेर ठेवा आणि थ्री-वे व्हेनफ्लॉनजवळ, १० सेंमीच्या नळीवर लावा. हात आत घ्यावाच लागला तर बारीक आतल्या व्यासाची एक्स्टेन्शन वापरा, सलाईन पळती ठेवा आणि प्रत्येक डोसमागून २० मिलीचा फ्लश द्या. फ्लशच्या भरलेल्या दोन सिरिंज त्याच ट्रेमध्ये. त्यांवरही लेबल लावा. लेबल नसलेली पारदर्शक सिरिंज ओटीत नकोच.

तक्रार: फ्रिजची चावी, आणि चुकीचं ॲम्प्युल

स्कोलिन (स्नायू लगेच सैल करणारं औषध) फ्रिजमध्ये, फ्रिज लेबर रूममध्ये, चावी मेट्रनकडे. हे तिन्ही जिथे खरं आहे तिथे लॅरिंगोस्पाझमला (स्वरयंत्र आवळून श्वास अडतो तेव्हा) औषध वेळेत येत नाही. रोज लिस्ट सुरू होताना एक व्हायल बाहेर काढून मशीनवरच्या ट्रेमध्ये ठेवा, बाहेर काढल्याची तारीख व्हायलवर लिहा आणि तापमानाबाबत लेबल काय म्हणतं ते पाळा. सीझरच्या ओटीत ऑक्सिटोसिन आणि कार्बोप्रोस्ट या बाळंतपणातला रक्तस्राव आवरणाऱ्या औषधांचंही तसंच. थर्मोकोलचा डबा आणि जेल पॅक हे काम स्वस्तात करतात.

ट्रेमध्ये रोज तीच चार औषधं, त्याच क्रमाने: ॲट्रोपिन, मेफेंटरमिन (बीपी चढवणारं), स्कोलिन, ॲड्रेनॅलिन. ॲड्रेनॅलिन शेवटी आणि वेगळ्या खाचेत. मायक्रोपोरच्या पट्टीवर पेनने लिहिलेलं नाव ओल्या ग्लोव्हने पुसलं जातं. रंगीत छापील लेबलांचा रोल महाग नसतो. स्नायू सैल करणाऱ्यांना लाल, प्रेसरना (बीपी चढवणाऱ्यांना) जांभळा, ॲट्रोपिनला हिरवा, लोकल ॲनस्थेटिकना (तेवढाच भाग बधिर करणाऱ्यांना) करडा, ही आंतरराष्ट्रीय रंगपद्धत आहे. एका ठिकाणी वेगळी सुरू करू नका, कारण तुमचा भूलतज्ज्ञ दुपारी दुसरीकडे जाणार आहे.

स्पायनलच्या (पाठीत टोचून भूल देण्याच्या) ट्रॉलीवर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) ठेवू नका. त्याचं ५ मिलीचं ॲम्प्युल आणि स्पायनलला वापरायच्या हेवी ब्युपिव्हाकेनचं ४ मिलीचं ॲम्प्युल काही ब्रँडमध्ये जुळं वाटावं इतकं सारखं असतं, आणि ते पाठीच्या कण्यात गेलं तर फिट येतात, माणूस दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबाबत इशारा दिला आहे. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवून "बघून घ्या" असं सांगणं पुरत नाही. एक भूलतज्ज्ञाच्या बाजूला, दुसरं खोलीच्या पलीकडच्या टोकाला. पोटॅशियम क्लोराईड तर ओटीतल्या ट्रॉलीवरून पूर्णच हलवा.

नर्व्ह ब्लॉक (एखादी नस बधिर करून भूल) होत असतील तर लिपिडचा सेट लागतो; लोकल ॲनस्थेटिकची विषबाधा झाली तर तो उतारा असतो. आयसीयूत आहे, मेडिकलमध्ये आहे, हे चालत नाही. २० टक्के लिपिड, ७० किलोच्या माणसाला पहिल्या मिनिटात सुमारे १०० मिली, आणि एकूण कमाल १२ मिली प्रति किलो, म्हणजे ८४० मिली. तेव्हा साठा लिटरभर हवा. सोबत ५० मिलीच्या दोन सिरिंज, जाड सुई आणि डोसचं कार्ड एकाच पारदर्शक पिशवीत. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरं दिसतं म्हणून त्याच्या जागी चालत नाही.

तक्रार: लॅपचा टॉवर आला की भूलतज्ज्ञाची जागा जाते

लॅप कोलीमध्ये (दुर्बिणीने पित्ताशय काढताना) सर्जन पेशंटच्या डावीकडे आणि त्यांच्या कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे टॉवर, पेशंटच्या उजव्या खांद्याशी. तिथेच आपलं मशीन. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या एसीच्या हिशोबात ओटी २० बाय २० फूट धरलेली आहे. प्रत्यक्षात कितीतरी नर्सिंग होमच्या ओट्या त्याहून लहान असतात आणि तिथे ही टक्कर रोज होते. मग मशीन मागे ढकललं जातं, सर्किट ताणलं जातं, ट्यूबचं कनेक्शन सैल होतं.

मशीन डावीकडे नेऊ नका. एका केससाठी सगळं उलटं केलं की सक्शन, बॅग, ट्रे, सगळ्यांच्या जागा उजव्या हाताच्या सवयीविरुद्ध जातात. मशीन आहे त्या बाजूलाच ठेवून डोक्याकडे दोन फूट मागे घ्या, आत जास्त वळवा आणि टॉवर खांद्याऐवजी छातीच्या रेषेत तिरका लावा. सर्जनना मान थोडी जास्त वळवावी लागते. हे बोलणं केसच्या आधी करायचं असतं, पोटात गॅस भरल्यावर नाही. गॅस भरताना नाडी एकदम उतरली तर पहिलं काम गॅस सोडायला सांगणं, आणि ते सांगायला सर्जनचा चेहरा दिसला पाहिजे. ड्रेपचा पडदा डोळ्यांच्या उंचीच्या वर बांधू नका.

कान-नाक-घशाच्या केसमध्ये टेबल फिरवायचं असेल तर फिरवून झाल्यावर सर्किट पुरेल का ते पेशंट झोपवायच्या आधी बघा. नेहमीचं बेन सर्किट १.८ मीटरचं असतं; मशीन पायाकडे गेलं की ते अपुरं पडतं.

तक्रार: ऑक्सिजन आणि लाईट

सिलिंडरची चावी मशीनला साखळीने बांधा. चावी शोधत फिरणं हा प्रकार कुठल्याही ओटीत एकदा तरी झालेला असतोच. बी टाईप सिलिंडर भरलेला असताना सुमारे १५०० लिटर देतो; काटा निम्म्यावर असेल तर ७५०, म्हणजे मिनिटाला १० लिटरने ७५ मिनिटं. पण व्हेंटिलेटर गॅसवर चालणारा असेल तर तो बेलो (श्वास देणारा भाता) ढकलायलाही ऑक्सिजन खातो. पाईपलाईन गेली की सिलिंडर उघडा आणि हाताने बॅग दाबा. पाईपमधून भलताच गॅस येत असल्याची शंका असेल तर सिलिंडर उघडून भागत नाही, पाईपलाईनची नळी भिंतीपासून काढावी लागते. म्हणून भिंतीवरचा तो पॉइंट कपाटाआड नको. अम्बू बॅग (मशीनशिवाय हाताने दाबून श्वास द्यायची) रिझर्व्हॉयरसकट मशीनच्या हुकला टांगलेली, कपाटात नाही.

लाईट जाते तेव्हा जनरेटर लागेपर्यंतची काही सेकंदं मॉनिटर आणि मशीन बॅटरीवर तगले पाहिजेत. महिन्यातून एकदा, पेशंट नसताना, प्लग काढून मशीन अर्धा तास चालवा आणि किती चाललं ते मशीनवरच चिकटवा. एसी आणि ऑटोक्लेव्ह ज्या फेजवर आहेत त्याच फेजवर मशीन नको. मशीनच्या मागच्या जादा सॉकेटमध्ये सक्शन किंवा कॉटरी (विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं यंत्र) लावू नका. फ्यूज उडाला की सगळंच बंद. आणि टॉर्च, खरा टॉर्च, ट्रॉलीला दोरीने बांधलेला.

डिफिब्रिलेटर पेशंटच्या डाव्या बाजूने आणता येईल अशा जागी, कायम चार्जिंगवर. छाती दाबायला पायरी टेबलाखाली. पालथ्या पेशंटच्या केसला, त्याला पटकन उताणं करता यावं म्हणून, स्ट्रेचर दाराबाहेर रिकामा. त्यावर लिननची गाठोडी ठेवलेली असतातच, ती आधी उतरवा.

मांडणी टिकत नाही, आठवड्यात जैसे थे

ती मोडते कारण साफसफाई करणाऱ्यांना मूळ जागा माहीत नसते. रात्री पुसायला मशीन हलवतात, सकाळी अंदाजाने परत लावतात. सर्व चाकांच्या जागी जमिनीवर रंगीत टेप लावा: मशीनला एक रंग, लॅपच्या दिवशीच्या जागेला दुसरा. उघड्या कप्प्याचा फोटो काढून लॅमिनेट करा आणि कप्प्याच्या झाकणावर चिकटवा. मावशींना आणि मामांना इंग्रजी यादी वाचावी लागत नाही, फोटोशी जुळवलं की झालं. चौथ्या कप्प्याला नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील लावा, हाताने ओढून तुटेल असं. सील शाबूत तर आत मोजायची गरज नाही, नंबर तेवढा रजिस्टरमध्ये.

चार हॉस्पिटलं फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाने स्वतःच्या बॅगेत बुजी, स्काल्पेल, ६ नंबरची ट्यूब, आय-जेल आणि दुसरा स्कोप ठेवावाच. पण बॅग बंद राहून कोपऱ्यातल्या स्टुलावर असेल तर ती घरी असल्यासारखीच आहे. आल्यावर पहिलं काम बॅग उघडून मशीनच्या उजव्या फळीवर, तोंड आपल्याकडे करून ठेवणं. चारही ठिकाणी एकाच जागी.

टेप फिनेलने आणि मॉपने महिन्याभरात पुसट होते. कोपरा उचलला गेला की लगेच बदला, नाहीतर ट्रॉलीचं चाक नेमकं त्यात अडकतं.